तलासरी घराण्याचे बारा सेट

जमिनीवर राहून जमिनीशी काडीचाही संबंध न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब असं की तो नेमका माझा व्याही निघाला. माझ्या सुनेचे हे वडील. कैनाडला राहतात, दाराशी चिकूची झाडं आहेत, पण झाडांना फळ धरलं की नाही हे त्यांना शेजाऱ्याकडून कळतं. डोक्यावरून गेलेलं विमान मात्र कुठून आलं, कुठे चाललं, किती उंचीवर आहे आणि वैमानिकाला सर्दी झाली आहे का, हे त्यांना ओसरीवर बसल्या जागी कळतं. कारण त्यांच्याकडे विमानांचं बोलणं ऐकणारे जुने रेडिओ आहेत. गाण्याबातम्यांचे नव्हेत हं. वैमानिक आणि खालची माणसं एकमेकांशी जे बोलतात, तेवढंच ऐकण्यासाठी एके काळी वेगळे सेट बनत असत, ते. असे चाळीसएक सेट त्यांच्या घरात आहेत. पाहुण्यांना बसायला खुर्च्या दोन आहेत, आणि त्यातल्या एकीवर सेट आहे.

माझ्या मुलाच्या लग्नात अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत, शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं, आणि मुलीच्या बापाने एकदम तर्जनी वर केली. "थांबा!" भटजी थांबले. वाजंत्रीवाले थांबले. दोनशे माणसं मांडवाच्या छताकडे बघायला लागली. मुहूर्ताची घटका सरत होती. मला वाटलं, हुंड्याबिंड्यावरून आम्हीच काही बोलून गेलो की काय! तेव्हा फेट्याखालून कानात गेलेली वायर मला दिसली. व्याही डोळे मिटून म्हणाले, "उतरतंय. सुखरूप आहे. चालू द्या." भटजींनी पुढे चालू केलं. मी त्या वेळी रेशमी शालू नेसून वरमाईचा तोरा मिरवत होते, नाकावर माशी बसू देत नव्हते. एका वायरीने तो तोरा असा उतरवला की पुढची पंधरा वर्षं मी व्याह्यांसमोर सरळ बसूच शकले नाही, हसूच फुटायचं.

आता, डहाणूपासून मुंबईचा विमानतळ लांब. आकाशातलं बोलणं वरून सरळ खाली येतं, जमिनीवरचं बोलणं मात्र वाटेत जमिनीआडच अडतं. त्यामुळे व्याह्यांना वैमानिक ऐकू येतो, त्याला उत्तर देणारा ऐकू येत नाही. एखादा माणूस हताश झाला असता. व्याही तो अर्धा भाग स्वतः भरतात. वैमानिक वरून काही विचारतो आणि हे ओसरीवरून सांगतात, "ये बाबा, सावकाश ये, घाई कसली आहे?" एकदा त्यांनी एकाला बजावलं, "थांब जरा, मागच्याला आधी जाऊ दे." आणि काय योगायोग, तो वैमानिक खरोखरच म्हणाला की मी घिरट्या घालतो. त्या दिवशी व्याही जेवले नाहीत. "जबाबदारी असते, विहीणबाई," एवढंच म्हणाले.

ह्या सेटांचा इतिहास ते लिहीत आहेत. सात वह्या झाल्या. गवयांची असतात तशी त्यांनी सेटांची घराणी पाडली आहेत. इंग्लंड घराणं लढाईनंतर विमानांतून काढलेल्या सामानावर उभं राहिलेलं. जड, पोलादी, तापायला पाच मिनिटं, आणि आवाज असा की वैमानिक तोंडात गुळणी धरून बोलतोय. जर्मन घराण्याचं बटण फिरवताना तिजोरी उघडतोय असं वाटतं. अमेरिकन घराण्यात बटणंच इतकी की अर्ध्यांचा उपयोग बनवणाऱ्यालाही आठवत नसावा. आणि जपान घराणं नाजूक, कातडी पिशवीत बसणारं, पट्टीवर चिमुकल्या विमानाचं चित्र, तीस वर्षं अवाक्षर तक्रार नाही. "आमच्या लेकीसारखं," असं व्याही म्हणतात, आणि मी सासू असल्यामुळे गप्प बसते. हे सगळं सांगताना ते कंपन्यांबद्दल फारसं बोलतच नाहीत. "कंपनीचं नाव डब्यावर असतंच," ते म्हणतात. "आत कोणाची बोटं भाजली ते कोणी लिहीत नाही. माझं पुस्तक बोटांचं आहे."

इथवर वाचून हा एक गोड म्हातारा आहे असा कोणाचा समज झाला असेल, तर थांबा. व्याह्यांनी वीज खात्यात मीटर तपासनीस म्हणून नोकरी केली. आयुष्यभर लोकांच्या मीटरवर अविश्वास दाखवायचा पगार घेतला, आणि निवृत्तीनंतर तोच धंदा फुकट चालू ठेवला. तीन पुरावे असल्याखेरीज ते काही मानत नाहीत. बाहेर पाऊस पडतोय असं सांगितलं तर विचारतात, "आणखी कोणी पाहिला?" डहाणूला एका शोकसभेत वक्ता गहिवरून म्हणाला की गेलेले गृहस्थ तरुणपणी ट्रान्झिस्टर कानाला लावून फिरायचे. व्याही मागून उभे राहिले, "त्यांचा सेट व्हॉल्व्हचा, चुलीसारखा तापणारा होता. तो कानाला लावला असता तर ते तेव्हाच गेले असते." एका सेटचं बटण पितळेचं की नुसतं सोनेरी रंगाचं, ह्यावरून वीस वर्षांची मैत्री तुटली. आणि एकदा एक सेट आपण लिहिलाय त्याच्या वर्षभर आधी बनला होता असं कळलं, तेव्हा त्यांनी ऐंशी पानांची लिहिलेली वही माझ्यादेखत उभी फाडली. हाताने. शांतपणे. फाडून झाल्यावर म्हणाले, "चहा घेणार?"

ती फाटणारी वही नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सहा वर्षं मी तिलाच भीत राहिले.

त्याचं असं झालं. गंजाडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरात भाताच्या कणगीवर वजन म्हणून ठेवलेला एक डबा व्याह्यांना दिसला. त्यांनी मागितला. म्हातारा म्हणाला, "न्या. पण झाकण उडालं आणि उंदीर शिरला तर तुम्हालाच बोलवीन. बदल्यात काहीतरी जड देऊन जा." व्याह्यांनी स्वतःच्या घरचा जुना लोखंडी मीटर देऊन तो डबा आणला आणि मला खास चहाला बोलावलं. हिरव्या रंगाचा पत्र्याचा डबा. पुढे बटण म्हणून चक्क स्टोव्हची चावी. झाकणाच्या आत गुजराती आकड्यांत सात, खाली रेघ, रेघेखाली बारा. म्हणजे बारांतला सातवा. "नाव नाही, गाव नाही," व्याही कुजबुजले. "पण पत्रा तलासरीच्या दुकानातल्या रंगाच्या डब्याचा, आतून छाप दिसतो. विहीणबाई, हा सेट इथे बनलाय. आपल्या तालुक्यांत!"

चहा माझ्या नाकात गेला. मी तो सेट ओळखला होता. आई लेकराला ओळखते तसा नव्हे, चोर चौकीला ओळखतो तसा.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून पन्नास वर्षं होती. माहेर झाईचं. तलासरीला हमरस्त्याला लागून एका पत्र्याच्या खोलीत एक गुजराती शेठ विमानं ऐकायचे सेट बनवत. विमान चालवायला शिकणारी मुलं ते घेतील, अशी त्यांची आशा. शेठ कसले, स्वतःच पत्रा कापायचे, स्वतःच कथलाचे डाग देऊन तारा जोडायचे. मी आठ महिने तिथे वेटोळी गुंडाळायला होते. तांब्याच्या तारेचे पाच वेढे, पेन्सिलीवर गुंडाळायचे, पेन्सिल काढून घ्यायची, वेटोळं मेणात बुडवायचं. ती पेन्सिल साधी नव्हती. बाजारातल्या पेन्सिलींना कंगोरे असतात, ही परदेशातली, गुळगुळीत गोल. वेटोळ्याच्या जाडीवर सेट कुठला आवाज धरणार ते ठरतं, आणि शेठनी सगळं गणित त्या पेन्सिलीच्या जाडीवर बसवलं होतं. तीच त्यांची फूटपट्टी, तोच त्यांचा कारखाना. पहिला सेट त्यांनी त्यावर केला आणि त्यात विमान असं स्वच्छ बोललं की शेठनी मला पेढा दिला. मग एकदम बारा सेटांची मागणी आली.

आणि त्याच आठवड्यात मी ती पेन्सिल झाई-तलासरी एस.टी.च्या कंडक्टरला देऊन टाकली. त्याच्या कानावर एवढासा झिजलेला तुकडा असायचा, मला दया आली. दया म्हणजे काय ते समजून घ्या. त्याच्यासाठी मी स्वेटरही विणत होते. झाईला, समुद्रकाठी, जिथे माणसं पौष महिन्यात उघडी झोपतात! पेन्सिल गेली म्हटल्यावर मी पिशवीतली विणायची जाडी सुई काढली. दिसायला पेन्सिलीएवढीच. असेल केसभर बारीक. केसभराने काय होतंय, असं मी त्या वयात सगळ्याच बाबतींत म्हणायचे. बाराच्या बारा वेटोळी मी त्या सुईवर गुंडाळली. पुढे त्या कंडक्टरशीच मी लग्न केलं, म्हणजे चूक तिथेच थांबली नाही.

केसभराने काय होतं ते महिन्यात कळलं. बाराही सेट परत आले. विमानांची जागा सोडून ते जरा वर सरकले होते. विमान पट्टीच्या अगदी टोकाला कुठेतरी चिरचिरायचं, आणि मधूनच कसलीशी टकटक, टकटक यायची. दोन महिन्यांत खोलीला कुलूप लागलं. शेठ कुटुंब घेऊन वलसाडकडे गेले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि स्वेटरची दुसरी बाही सुरू केली.

तर ती टकटक! सात नंबरच्या सेटात ती ऐकून व्याही वेडेच झाले. चार महिने शोध घेऊन त्यांनी ठरवलं, आणि ते खरंच आहे, की तो हवामानाच्या उपग्रहांचा आवाज. ढगांचं चित्र ते तसं टकटक करत खाली पाठवायचे. आता ते जुने उपग्रह बंद झाले, पण तेव्हा एक जात होता, व्याह्यांनी मोबाइलवर आवाज धरून ठेवला आहे. मग झाईच्या एका होडीवाल्याकडे अकरा नंबरचा सेट मिळाला, आणि तिथे व्याह्यांच्या गणिताने झेप घेतली. म्हणे, हा कोणी अज्ञात, दूरदृष्टीचा कारागीर होता. त्याने मुद्दाम पट्टी वर सरकवली. एकाच काट्यावर विमान आणि उपग्रह! कोळ्यांना वादळाची खबर मिळावी म्हणून! "जगात कोणी केलं नव्हतं, विहीणबाई, ते तलासरीत केलं!" इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, जपान, आणि पाचवं तलासरी घराणं. प्रकरण चाळीस पानांचं झालं. तुम्हाला वाटेल, तीन पुरावे मागणारा माणूस असा कसा घसरला? अहो, सगळ्या जगावर संशय घेणाऱ्याला स्वतःच्या आनंदावर संशय घ्यायचं सुचत नाही.

आणि मी सहा वर्षं गप्प. आधी भीतीने. मग, खोटं कशाला बोलू, मजेने. ते "अज्ञात कारागिराची बोटं" म्हणायचे आणि मी स्वतःच्या बोटांनी भजं तोंडात टाकायचे. पण हळूहळू मजा गेली. त्यांनी शेठचं नाव शोधून काढलं, आणि चाळीस पानांत जागोजाग ते नाव सोन्याच्या अक्षरांत यायला लागलं. ज्या माणसाचा धंदा मी बुडवला, त्याला व्याही सिंहासनावर बसवत होते. मी तोंड उघडलं की सिंहासन जाणार, आणि व्याह्यांची सातवी वही उभी फाटणार. नाही उघडलं तर ज्या माणसाने बटणावरून मैत्री तोडली, त्याच्या पुस्तकात माझी लबाडी कायमची छापली जाणार.

गेल्या हिवाळ्यात व्याही स्कूटरवरून माझ्या दारात आले. हेल्मेटही काढलं नाही. "डहाणूला वाचनालयाच्या हॉलमध्ये येत्या रविवारी अकरा वाजता. जुन्या सेटांची नादिष्ट माणसं येतायत, सुरतेची, मुंबईची. मी तलासरी घराणं वाचणार. आणि विहीणबाई," त्यांनी हेल्मेटची काच वर केली, "शेठची मुलगी सापडली. वलसाडला असते. ती येतेय ऐकायला."

मी म्हटलं, "अरे वा." पुढचे सात दिवस मला अन्न गेलं नाही.

सोमवारी मी सांगायला गेले. "व्याहीबुवा, त्या वेटोळ्याबद्दल..." तोवर विमान आलं, तर्जनी वर. ते गेलं, मी पुन्हा सुरुवात केली, दुसरं आलं. तिसरं गेल्यावर ते म्हणाले, "हं, बोला," आणि मी म्हटलं, "चिकू पिकलेत." मंगळवारी फोन केला, सूनबाई शेजारी येऊन बसली. बुधवारी चिठ्ठी लिहिली, तीनदा लिहिली, तिन्ही वेळा तिच्यात मी बिचारी निघाले, म्हणून फाडली. गुरुवारी मनाशी म्हटलं, अगं, तो माणूस पुन्हा इतका आनंदी कधी होणार आहे? वाचू दे. शुक्रवारी बाजारात व्याहीच भेटले. हातात नवा सदरा. "त्या बाईंना मी पहिल्या रांगेत बसवणार," म्हणाले. मी पिशवीतली भाजी तिथेच विसरून घरी आले.

शनिवारी दुपारी मी विणायची सुई पर्समध्ये घातली. ती अजून आहे, नातवंडांना धाक दाखवायला उपयोगी पडते. कैनाडला रिक्षाने गेले. व्याही ओसरीवर सेट टॉवेलात गुंडाळत होते. त्या दिवशी आकाशातून एकही विमान जाईना.

"व्याहीबुवा, ती वेटोळी मुद्दाम तशी केलेली नाहीत."

"कुठली?"

"साताचं. अकराचं. बाराही. पेन्सिल हरवली म्हणून विणायच्या सुईवर गुंडाळलीत."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच गुंडाळलीत."

त्यांनी टॉवेलाची घडी पुरी केली. मग माझ्याकडे पाहिलं. मीटरकडे बघतात तसं.

"पुरावा?"

"मी आहे की."

"आरोपी पुरावा होत नाही, विहीणबाई."

मी सुई पुढे केली. त्यांनी तिची जाडी मोजली. सात नंबरचा सेट उघडला, गरम सुरीने मेण सोडवलं, आतलं वेटोळं काढून मोजलं. मग एका लाकडी काडीला, मी बोटांत धरून 'हीच' म्हणेपर्यंत, घासून घासून तिची जाडी पेन्सिलीएवढी केली, तार माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "गुंडाळा. दोन्हींवर." मला काल काय भाजी केली ते आठवत नाही. पण तार हातात आली आणि बोटं आपणहून चालायला लागली. अंगठा दाबून धरायचा, वेढ्याला वेढा चिकटू द्यायचा नाही, पाचव्याला टोक मोडायचं. व्याही माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, बोटांकडे बघत होते. एक वेटोळं लावलं, मोजलं. दुसरं लावलं, मोजलं. सुईवरचं वेटोळं उपग्रहाच्या जागेवर. काडीवरचं बरोबर विमानाच्या. तीन पुरावे झाले.

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ती चाळीस पानं हातात घेतली. मी डोळे मिटून फाटण्याचा आवाज यायची वाट बघत राहिले. तो आला नाही. डोळे उघडले तर ते पानांच्या कडा बोटांनी सारख्या करत होते.

"वाचा हो उद्या तसंच," मी म्हटलं. "कोणाचं काय बिघडतंय? ती बाई एवढी येतेय. त्या माणसाला आयुष्यात काही मिळालं नाही, मेल्यावर तरी मिळू दे."

"माझ्याच्याने खोटं वाचलं जाणार नाही," ते म्हणाले. "आणि खरंही मी तिला सांगणार नाही. ते माझं नाही. तुमचं आहे."

रविवारी पावणेअकराला मी हॉलच्या पायऱ्यांवर उभी होते. माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान असेल, अशी एक बाई आली. काखेत टॉवेलात गुंडाळलेली फोटोची चौकट, हातात पुडीतला हार. पाय माघारी वळत होते ते मी तिथेच रोवले. नाव सांगितलं. तर तिचा चेहरा उजळला. "तमे? तुम्हीच? पप्पा तुमचं नाव घ्यायचे. म्हणायचे, 'ए बेननो हाथ एकदम सरखो.' तिच्या वेटोळ्यात फरक निघणार नाही."

तिला मी पुस्तकांच्या कपाटांमागे नेलं आणि सांगितलं. सगळं. पेन्सिल, कंडक्टर, सुई. आणि जे व्याह्यांनाही सांगितलं नव्हतं तेही. सेट परत आल्यावर शेठनी मला एकदाच विचारलं होतं, "बेन, बधां पेन्सिलवरच ने? सगळी?" आणि मी म्हटलं होतं, "हो शेठ." त्यांनी मान डोलावली आणि वेटोळी सोडून बाकी सगळं तपासत बसले. वेटोळ्याला त्यांनी हातच लावला नाही.

ती बराच वेळ हाराच्या पुडीचा दोरा सोडत-बांधत राहिली. मग म्हणाली, "वलसाडला आल्यावरपण पप्पा ते सेट रोज उघडायचे. मम्मी सांगून थकली. पप्पा म्हणायचे, 'मारो हिसाब खोटो. मारो हाथ खोटो.' पुढे भंगारात, इकडेतिकडे देऊन टाकले. त्यानंतर घरचा पंखा बिघडला तरी त्याला हात लावायचे नाहीत. शेजारचा माणूस बोलवायचे. स्वतः बाजूला उभे राहून बघायचे."

मला विनोद सुचला नाही. सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदाच.

"एक सांगा," ती म्हणाली. "म्हणजे हिशोब बरोबर होता पप्पांचा?"

उत्तर माझ्या मागून आलं. व्याही कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "केसभराचाही फरक नाही. पेन्सिलीएवढं वेटोळं लावलं की सेट बरोबर विमानावर लागतो. काल मी तीनदा मोजलंय. त्यांचा हात चुकलेला नव्हता."

तिने तोंडावर पदर धरला. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही आणि बघायची माझी हिंमत नव्हती. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून, अगदी हळू, ती म्हणाली, "तेव्हा सांगायचं होतं, बेन." एवढंच. मग स्वतःच हॉलमध्ये गेली, टेबलावर फोटो उभा केला आणि हार घातला.

व्याह्यांनी चाळीस पानं पिशवीतून काढलीच नाहीत. खिशातून एक कागद काढला आणि अकरा ओळी वाचल्या. तलासरीत एका माणसाने एका पेन्सिलीच्या जाडीवर बसवलेला आराखडा, तो आराखडा अचूक, दोष आराखड्याचा नव्हे. दोष कोणाचा ते सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीच उठून उभी राहिले. मग त्यांनी सात नंबरचा सेट फोटोपुढे ठेवला. आत आदल्या दिवशीचं काडीवरचं वेटोळं. खरखर, खरखर, आणि शेवटी वरून जाणाऱ्या एका वैमानिकाचा आवाज आला, इतका स्वच्छ की सुरतेचा एक गृहस्थ खुर्चीतून अर्धा उठला. शेठच्या मुलीने हिरव्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि विमान जाईपर्यंत उचलला नाही.

व्याही महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, मीही त्या पितळी बटणाच्या वाटेने गेले. मग एका बुधवारी ते आले, कोरी वही घेऊन. तलासरी घराणं पुन्हा लिहायचंय म्हणाले, आणि ती खोली आतून पाहिलेली मीच तेवढी उरले आहे. तेव्हापासून दर बुधवारी येतात. बाक केवढा होता? दिवा कुठे टांगला होता? मेण कशात वितळवायचे? मी सांगते, ते लिहितात. पुरावे मागत नाहीत, बहुधा आता मिळणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे. गेल्या बुधवारी त्यांनी विचारलं, "काम करताना शेठ गुणगुणायचे का हो? की गप्प असायचे?"

मी आठवून पाहिलं. "माहीत नाही," म्हटलं. "मी खिडकीकडे तोंड करून बसायचे. एस.टी. आली का बघायला."

त्यांनी वहीत व्यवस्थित लिहिलं, माहीत नाही. पूर्णविराम दिला. "हेही छापणार?" मी विचारलं. "हे खरंय ना?" ते म्हणाले, आणि पान उलटलं.

हल्ली दुपारची मी आडवी होते तेव्हा त्या पत्र्याच्या खोलीत पुन्हा जाऊन बसते. मांडीवर तार, समोर खिडकी. म्हणते, आता मान वळव, बये, एकदा तरी मागे बघ. मागे कोणीतरी काम करत असतं. कानसीचा आवाज येत असतो. तोंड काही दिसत नाही.